नळीशिवायचा मणी

“नळी कुठे गेली?”

“कुठली नळी, वहिनी?”

“भावजी, साळसूदपणाचा आव आणू नका. मी लिहून दिलं होतं, ‘उभ्या काचेच्या नळीत दोन मणी आहेत’. इथे छापलंय ‘हवेत दोन मणी आहेत’. चित्रातही नळी नाही. नुसते दोन मणी, एकाच्या डोक्यावर दुसरा. नळी कुठे गेली?”

“काढली.”

“का?”

“बरी दिसत नव्हती.”

“नळी आहे ती. नवरी नाही.”

“ऐका तर खरं. आपला डिझाइनवाला म्हणाला, त्या दोन उभ्या रेघांमुळे चित्र कोंडल्यासारखं वाटतं. मणी कसा मोकळा तरंगताना दिसला पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, वा!”

“बघणाऱ्याला वा वाटेल, पण मणी तिथे राहील का? अहो, दोघांवर सारखाच चार्ज, म्हणून खालचा मणी वरच्याला वर ढकलतोय. पृथ्वी त्याला खाली ओढतेय. वर-खाली मेळ बसला, कबूल. पण बाजूने? बाजूने त्याला धरायला कोण आहे? तुमचा डिझाइनवाला? केसभर हलला की घसरला, गेला जमिनीवर. नळीच्या भिंती आहेत म्हणून तो वर आहे.”

“पण उत्तर तेच येतं ना?”

वहिनीने प्रश्नपत्रिका टेबलावर टाकली.

“सांगा ना. किती उंचीवर थांबेल, हे विचारलंय. नळी असली काय, नसली काय, उंची तेवढीच येणार. हो की नाही?”

“उंची तेवढीच येते,” वहिनी म्हणाली. “पण गोष्ट खोटी आहे.”

“गोष्ट कुठे विचारलीय? उंची विचारलीय.” असं म्हणून भावजींनी अंगठा जिभेला लावला आणि प्रश्नपत्रिकेचं पान उलटलं. वहिनीची नजर त्या अंगठ्याच्या ओल्या ठशावर गेली आणि तिचं नाक आक्रसलं.

हे भांडण क्लासच्या ऑफिसात चाललं होतं आणि मी दारात दिव्यांच्या वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभी होते. क्लासच्या वार्षिक मेळाव्याचा रंगमंच लावायचं काम माझ्याकडे होतं. वहिनी ही खरं तर माझी सख्खी मावशी. पण तिचा धाकटा दीर, म्हणजे हे भावजी, क्लासचे संचालक, तिला वहिनी म्हणतात, म्हणून शिपाई वहिनी म्हणतो, म्हणून मुलं वहिनी म्हणतात, मुलांचे आईबापही म्हणतात. क्लासच्या माहितीपत्रकात बाकीच्यांच्या नावापुढे पदव्यांची आगगाडी आहे, आणि हिच्या फोटोखाली छापलंय, ‘वहिनी (भौतिकशास्त्र)’. ते माहितीपत्रक समोर आलं की ती पालथं घालून ठेवते. पण आता मीसुद्धा तिला वहिनीच म्हणते.

“आणि हे काय?” वहिनीने भिंतीला टेकवलेला फलक बोटाने दाखवला. त्यावर तेच दोन मणी कलिंगडाएवढे काढले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘इथे विज्ञान तरंगतं!’

“तेच सांगणार होतो. मेळाव्यात हा प्रयोग तुम्ही करून दाखवायचाय.”

“मंचावर? तो भरल्या सभागृहात टिकणार नाही. एवढी माणसं श्वास सोडणार, हवा दमट होणार, चार्ज गळणार. बघता बघता मणी खाली बसेल.”

“म्हणूनच आपण दोरा लावतोय.”

“काय लावतोय?”

“गळाचा दोरा. मासे पकडायचा, नायलॉनचा. दिसतसुद्धा नाही. मागे काळा पडदा असला की झालं.” भावजी माझ्याकडे वळले. “काय गं, नाही ना दिसत?”

माझ्या तोंडून काही निघायच्या आत वहिनीने टेबलावरचा कागदी रुमाल उचलून तोंडावर धरला. मला वाटलं शिंक आली. शिंक नव्हती.

“मी नाही करणार,” रुमालातून ती म्हणाली. “आणि दुसऱ्या कोणी केलं, तर मी उभी राहून सांगेन.”

“सांगायची गरजच पडणार नाही हो,” भावजी हसले. ते नेहमीच गोड हसतात, ओठ बंद ठेवून, तोंडातली लवंग या गालातून त्या गालात ढकलत. “तुम्ही म्हणता ना, मी मुलांना विचार करायला शिकवते? मग ती पकडतीलच की. पकडतील?”

“पकडतील.”

“शक्य नाही. मुलं उत्तर बघतात, मणी बघत नाहीत. मी लिहून देतो.”

“एक तरी हात वर येईल.”

“बरं. एक जरी हात वर आला, तर पेपरात तुमची नळी परत, आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक वर्गात तुमच्या खऱ्या प्रयोगाला वेगळा तास, तुमच्या पद्धतीने, त्यात कितीही वेळ गेला तरी. नाही आला, तर या फलकावर मण्याशेजारी तुमचा फोटो. हसरा. आणि पुन्हा नळीचं नाव काढायचं नाही. कबूल?”

“मी तोंडाने खोटं बोलणार नाही.”

“नका बोलू. निवेदन मी करतो. तुम्ही फक्त उभ्या राहा. पण तोंडाने खरंही बोलायचं नाही हं!”

“हाताने?”

“हाताने काय हवं ते करा,” भावजी उदार होऊन म्हणाले.

वहिनीने रुमाल चुरगाळून टोपलीत टाकला. “कबूल.”

*

वहिनीला किळस येते, ही आमच्या घरातली जुनी बातमी आहे. पण ती कशाची येते, हे लोकांना नीट कळलेलं नाही. तिला सोवळी, नाजूक बाई समजतात. ती नाजूक अजिबात नाही. मोरी तुंबली की ती बाह्या वर करून कोपरापर्यंत हात घालते, आणि हाताला लागलेला केसांचा लगदा बाहेर काढून आम्हाला दाखवते. नवऱ्याच्या आजारपणात तिने जे जे उपसलं, त्याबद्दल तिने कधी नाक मुरडलं नाही. घाण तिला चालते. झाकलेली घाण चालत नाही.

क्लासच्या मोठ्या खोलीत खिडक्या उघडत नाहीत. दिवसभर मुलांचे थवे येतात आणि जातात. ओल्या मोज्यांचा, तापलेल्या प्लास्टिकचा आणि बाकाखाली चिकटवलेल्या च्युइंगमचा मिळून एक वास तिथे कायमचा वस्तीला आहे. भावजींनी त्यावर तोडगा म्हणून भिंतीवर एक डबी बसवली. ती मधूनमधून फुस्स करते आणि गुलाबाचा फवारा मारते. पहिल्या दिवशी वहिनी तास अर्धा सोडून बाहेर आली. “मोज्यांचा वास मी सहन करेन,” ती म्हणाली, “गुलाब मारलेले मोजे नाही.” आणि खुर्चीवर चढून तिने ती डबी उपटून काढली. भिंतीचा पोपडा तिच्यासोबत आला. तिथे अजून तसाच खळगा आहे.

या क्लासात ती आली तीही चहाचा ट्रे घेऊन. लग्नानंतर नवरा आणि दीर दोघांनी मिळून पुढच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या होत्या आणि ही आत चहा करायची. ही भौतिकशास्त्र शिकलेली आहे, हे दोघांनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. एकदा नवरा तापाने फणफणला होता, दीर कुठेतरी गेला होता आणि बाहेर मुलं येऊन बसली होती. ही हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “कुठपर्यंत आलंय?” मुलं म्हणाली, “स्थिर विद्युत.” त्या दिवसापासून ती बाहेरच राहिली. चहा पुढे मशिनचा आला. तो कसा लागतो ते तिने एकदाच सांगितलं होतं, मी इथे लिहीत नाही.

नळीचा प्रयोग तिचा स्वतःचा. थर्मोकोलचे हरभऱ्याएवढे मणी, त्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला. काचेची नळी, केस वाळवायच्या यंत्राने आतून कोरडी ठाक केलेली. प्लास्टिकचा पाइप लोकरीच्या जुन्या मोज्यावर घासायचा आणि दोन्ही मण्यांना त्याचा चार्ज द्यायचा. खालचा मणी तळाशी पक्का बसवलेला, वरचा सोडून द्यायचा. तो पडायला लागतो आणि मध्येच थांबतो. थोडा खालीवर नाचतो, मग नुसता राहतो. कधी काचेला चिकटून बसतो, मग नळीला टिचकी मारायची. हे सगळं दहा वेळा फसतं आणि मुलं चुळबुळ करतात. वहिनीला त्याचं काही नाही. “फसू दे,” ती म्हणते, “खऱ्याला वेळ लागतो. खोटं पहिल्या फटक्यात जमतं.”

आणि मग तिचा आवडता भाग. ती एका मुलाला पुढे बोलावते. नळीच्या तळाला एक भोक ठेवलेलं असतं. “घाल बोट. लाव खालच्या मण्याला.” बोट लागलं की चार्ज बोटातून अंगात आणि अंगातून जमिनीत निघून जातो. खालच्या मण्यात ढकलायची ताकदच उरत नाही. वरचा मणी टप्पकन पडतो. प्रत्येक मुलाला ती हे स्वतःच्या बोटाने करायला लावते. “बघितलंस? हात लावलास, आधार गेला. आता हे विसरून दाखव.”

मुलं विसरून दाखवतात. क्लासात ट्रिकवाले सर म्हणून एक तरुण मास्तर आहेत. ते सूत्रांची गाणी करून शिकवतात, आणि पर्याय उडवायला शिकवतात. प्रश्न वाचायचाच नाही. शेवटी दिलेल्या चार उत्तरांची एककं बघायची, दोन उडवायची, उरलेल्यांतलं जे मोठं ते ठोकायचं. मुलांचा त्यांच्यावर भारी जीव. त्यांचा विद्यार्थी आणि प्रश्न यांची कधी गाठच पडत नाही, असं वहिनी म्हणते.

एकदा वैतागून तिने सराव पेपरात तोच नळीचा प्रश्न घातला, फक्त मण्याचं वजन म्हशीएवढं दिलं. किलोत, स्वच्छ अक्षरात. तिला वाटलं, कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. खाली माना, खसाखस पेनं, उत्तर ‘ब’. सगळ्यांचं बरोबर. पेपर तपासताना वहिनीचा चेहरा असा झाला होता जसं ताटात काहीतरी वळवळताना दिसलंय.

फक्त एक मुलगी दुसऱ्या दिवशी तासाला उभी राहिली. “वहिनी, म्हैस नळीत मावली कशी?”

ती शंकासुर. नाव वहिनीनेच ठेवलेलं. उंच, वाकून चालणारी, सतत वेणीचं टोक चावणारी पोरगी. वेणी चावणं हे वहिनीच्या लेखी महापाप, पण हिला माफ होतं. वहिनी आधी स्वतः बोट लावून मणी पाडते, तेव्हा सगळी पोरं टाळ्या पिटतात. हिने विचारलं होतं, “वहिनी, तो चार्ज तुमच्या अंगात गेला, मग तुम्हाला काही होत कसं नाही?” वहिनी म्हणाली, “मला काय होतं ते बघायला घरी ये.” वर्ग हसला. मग तिने फळ्यावर पृथ्वी काढली, पृथ्वीवर टाचणीएवढी बाई काढली आणि तास संपून गेला तरी ती समजावत राहिली.

तर ‘एक तरी हात वर येईल’ असं वहिनी म्हणाली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एकच हात होता.

*

“अगं, जाऊ दे ना,” वहिनीचा नवरा म्हणाला. हे माझे काका. क्लास आता भावावर सोपवून ते घरी असतात. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, समोर टीव्ही, पोटावर बिस्किटांचा पुडा. “मणी काय, दोरा काय. तरंगला म्हणजे झालं.”

“अहो, नळी पहिल्यांदा तुम्ही कापून आणली होतीत. हात कापला होता तुमचा.”

“तेव्हा वय होतं हात कापायचं.”

“आता?”

“आता बिस्किट खायचं वय आहे.” त्यांनी पुडा तिच्यापुढे धरला. त्यात तळाशी चुरा होता आणि चुऱ्यात त्यांचीच ओली बोटं फिरलेली. वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेला काय म्हणतात मला ठाऊक नाही. राग असता तर बरं झालं असतं.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. तू उगाच त्रास करून घेतेस असं वाटतं. तो म्हणतोय ते खरं आहे, उत्तर तर बदलत नाही.” मग माझ्याकडे वळून, “तू नाटकवाली. तुझ्या नाटकात खोटा पाऊस पाडतात, तेव्हा लोक ओरडतात का, खोटा, खोटा?”

“नाटकाच्या तिकिटावर नाटक लिहिलेलं असतं, काका,” मी म्हटलं.

“हे बघ, दुसरी तयार झाली,” काका म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

*

रंगीत तालीम सकाळी झाली. हरभऱ्याएवढा मणी मागच्या रांगेला दिसत नाही, म्हणून लिंबाएवढे दोन गोळे आणले होते, चांदीच्या वर्खासारखे चकचकीत. खालचा एका खांबावर. वरचा ट्रिकवाल्या सरांनी शिडीवर चढून स्वतः बांधला. दोरा दातांनी तोडला, गाठ थुंकी लावून घट्ट केली आणि खाली उतरून मागे सरकत म्हणाले, “काय तरंगतोय! वहिनी, खऱ्यापेक्षा खरा.”

“थुंकी लावलीत तुम्ही त्याला.”

“कोणाला दिसतेय?”

वहिनी ग्रीनरूममध्ये गेली. नळ किती तरी वेळ चालू होता. हात तिने मण्याला लावलेलाही नव्हता.

एक गोष्ट मात्र तिच्या मनासारखी होती. भावजींनी मंचामागे मोठा पडदा लावला होता, त्यावर कॅमेऱ्यातून मणी खोलीएवढा दिसणार होता. म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही सगळं दिसणार. वहिनीने कॅमेरावाल्याला विचारलं, “माझं बोट दिसेल का?”

“नखाचा कंगोरासुद्धा दिसेल, वहिनी.”

“छान,” ती म्हणाली. त्या दिवसात तिच्या तोंडून आलेला तो एकच ‘छान’.

मग सभागृह भरलं. मुलं, आईबाप, आजीआजोबा. अत्तरं, घाम, एसीचा शिळा वारा. पुढच्या रांगांत क्लासची निवडक मुलं बसवली होती, हा प्रश्न झोपेतही सोडवतील अशी. शंकासुर दुसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी, वेणीचं टोक तोंडात.

दिवे उतरले. एक झोत दोन गोळ्यांवर. भावजी ध्वनिक्षेपकात कुजबुजले, “खालून विद्युतबल. वरून गुरुत्वाकर्षण. दोन महाशक्ती एकमेकींना भिडल्या आहेत... आणि मध्ये आपला मणी! ना दोरी, ना आधार!”

‘ना दोरी’ हे शब्द ठरलेल्या निवेदनात नव्हते. ते त्यांना आयत्या वेळी सुचले. वहिनीने त्यांच्याकडे मान वळवली, अगदी हळू. मग ती खांबाजवळ गेली. उजव्या हाताचं पहिलं बोट तिने वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. वर्गात धरते तसंच. मग ते खाली आणलं आणि खालच्या गोळ्यावर ठेवलं.

मागच्या पडद्यावर ते बोट झाडाच्या खोडाएवढं दिसत होतं. नखात खडूची रेघ. बोटाचं टोक गोळ्यावर दाबलेलं, चंदेरी कागदाला बारीक सुरकुती पडलेली. यात न दिसण्यासारखं काहीच नव्हतं. या सभागृहातल्या प्रत्येक मुलाने हे स्वतःच्या बोटाने केलेलं होतं. प्रत्येकाने मणी पडताना बघितला होता.

मणी पडला नाही. हललासुद्धा नाही.

वहिनीने बोट काढलं नाही. ती पुढच्या रांगांकडे बघत राहिली. मी विंगेतून तिची मान बघत होते, तिच्यावरची शीर टरारून उभी राहिली होती. कोणीतरी खोकलं. एक बाळ रडलं. भावजींना काही कळेना, ते तिला हाताने खुणावत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. तिने बोट आणखी दाबलं. गोळ्याला खळगा पडला.

आणि टाळ्या सुरू झाल्या. मागून सुरू झाल्या, पुढे आल्या, पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. शिट्ट्या. बापमंडळी मोबाइल वर धरून उभी. हात पुष्कळ वर आले. सगळ्या हातांत मोबाइल होते.

“काही प्रश्न?” भावजींनी विचारलं, आणि तेवढ्यात त्यांना पैज आठवली असावी, कारण ते वहिनीकडे बघून हसले, लवंग इकडून तिकडे.

एका बापाने हात वर केला. वहिनीने श्वास रोखला.

“सर, हा प्रश्न परीक्षेत नक्की येतो का?”

“दरवर्षी!” भावजी म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

*

ग्रीनरूममध्ये वहिनी खुर्चीवर न बसता उभीच होती. खुर्चीच्या पाठीला कोणाच्या तरी केसांचं तेल लागून काळा डाग पडला होता, ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

भावजी आले. “वहिनी, कमाल केलीत! ते बोट लावायचं कुठून सुचलं? काय परिणाम झाला! पण बघा हं, एकही हात नाही.” ते विजयाने म्हणाले असते तरी चाललं असतं. ते आपुलकीने म्हणाले. “मी सांगत होतो ना. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. या, फोटोवाला पुढच्या दारात थांबलाय. जरा केस नीट करा.”

ते गेले. खोलीत लवंगेचा वास राहिला. वहिनीने ओढणीने नाक झाकलं.

“बोलू नकोस,” ती मला म्हणाली. मी वायरी गुंडाळत होते. “एवढी पोरं. वर्षानुवर्षं. एकाच्याही लक्षात येऊ नये? आंधळी आहेत का? मी काय शिकवलं इतकी वर्षं, भिंतींना?”

दार ढकलून शंकासुर आत आली. वेणीचं टोक ओलं, चेहरा फुललेला.

“वहिनी, कसलं भारी केलंत!”

“काय भारी केलं?”

“सगळंच. तुमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. मला तर हसूच आवरेना.”

“हसू कशाचं?”

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “दोऱ्याचं. तुम्ही बोट लावलंत ना, आणि तो पडलाच नाही. मला तेव्हाच कळलं. वरून बांधलाय म्हणून.”

वहिनीच्या हातातून ओढणीचं टोक सुटलं. क्षणभर ती वयाने निम्मी दिसली. “कळलं तुला?”

“म्हणजे काय! सगळ्यांनाच कळलं. आमच्या रांगेत तर आम्ही एकमेकांना कोपरं मारत होतो.”

“सगळ्यांना?”

“ट्रिकवाल्या सरांच्या मुलांनासुद्धा. वहिनी, तुम्ही तो प्रयोग इतक्यांदा करून घेता, कळणार नाही का?”

“मग हात का नाही वर केलात?” वहिनीचा आवाज चिरकला. “एकाने? तू?”

शंकासुर गोंधळली. तिने खरंच विचार केला. “वर कशाला करायचा? कार्यक्रम होता ना. आई शेजारी होती, तिला एवढं आवडलं होतं. आणि सर माईकवर बोलत होते. बरं नाही दिसत हो असं मध्येच उठून.”

“समोर धडधडीत खोटं चाललं होतं, ते बरं दिसत होतं?”

“पण कोणाचं काय बिघडलं, वहिनी? उत्तर तर बदलत नाही.”

वहिनीने डोळे मिटले. बाहेरून भावजींची हाक आली, “वहिनी! फोटो!” मागोमाग कोणीतरी जोरात हसलं.

शंकासुर जवळ सरकली. वेणीचं टोक पुन्हा तोंडात गेलं होतं, ते बाजूला करून तिने दोन बोटांनी पुसलं. “एक शंका होती. विचारू?”

वहिनीने डोळे उघडले.

“परीक्षेत हे नळी न देता आलं, आणि पर्यायांत ‘तरंगतो’ पण असेल आणि ‘घसरून पडतो’ पण असेल, तर क्लासच्या पेपरात आहे तसं ‘तरंगतो’ हेच धरायचं ना? मला माहितीये खरं काय ते. पण मार्क कशाला मिळतात?”

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. त्या ओल्या वेणीकडे, त्या शहाण्या, हसऱ्या, उत्तराची वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडे. मग तिने कोपऱ्यातली पर्स उचलली, जमिनीवर पसरलेल्या माझ्या वायरींवरून पाय उचलत गेली, मागचं दार उघडलं, आणि निघून गेली.